मॉड्यूल सापडत नाही

अंबड, नाशिक
९ जून २०२५

ती. मल्हारीमामा,
सप्रेम जय भीम.

पत्र मेलवर पाठवतेय, कारण तुमचा हुकूम आहे: "फोनवर माणूस अर्धं विसरतो आणि अर्धं खोटं बोलतो. काय विचारायचं ते लिहून विचार." नोकरी सोडून सायखेड्याला कॉम्प्युटरचा क्लास काढल्यापासून तुम्ही फार थोर बोलायला लागलात, असं आईचं मत आहे. मी फक्त निरोप पोचवला.

तुमच्या शिफारशीने तुमच्याच जुन्या कंपनीत मला नोकरी लागली. त्याबद्दल आभार मानू की तक्रार करू, ते अजून ठरायचंय. पहिल्याच दिवशी तृप्ती मॅडमनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "आपण छोटे असलो तरी काम जागतिक दर्जाचं करतो." बाहेर येऊन पाहिलं तर जागतिक दर्जाच्या ऑफिसातला पाण्याचा जार रिकामा. गावोगावच्या टाकीत पाणी शुद्ध करायचं औषध सोडणारी मशीन बनवणाऱ्या कंपनीत हे मला विशेष आवडलं.

मला काम दिलंय टेस्ट लिहायचं. तुम्ही लिहिलेलं ते 'जलधारा' पॅकेज, जे टाकीत येणारं पाणी मोजतं आणि त्या मापात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचं द्रावण सोडतं, त्याच्या एकेका भागाला वेगळं काढून तपासायचं. आईने विचारलं, टेस्ट म्हणजे काय गं? म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा. ती म्हणाली, "मग त्याला इंजिनिअर कशाला लागतो?"

मामा, माझं शितापर्यंत पोचणंच होत नाही. मला पातेलंच सापडत नाही. टेस्टच्या पहिल्या ओळीत जलधारा इम्पोर्ट करायला सांगितलं की माझ्या लॅपटॉपवरचा पायथन म्हणतो, या नावाचं मॉड्यूल सापडत नाही. टेस्टचा फोल्डर आणि जलधाराचा फोल्डर एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसलेत. शेजारी राहून ओळख नाही. आपल्याच नातेवाइकांसारखं.

गंमत म्हणजे ऑफिसातल्या त्या मोठ्या कॉम्प्युटरवर, जो सगळ्यांसाठी आहे, त्याच टेस्ट बिनबोभाट चालतात. अडतीसच्या अडतीस हिरव्या, एकही नापास नाही. शेजारी बसणारा ओम काकड म्हणतो, "संजना, डोकं कशाला शिणवतेस? मोठ्यावर चालव. तिथे कधी काही लाल होतच नाही." ओम मखमलाबादचा, घरी झेंडूची शेती. स्वभाव बरा आहे, फक्त कुठल्याही गोष्टीची चौकशी करायची नाही असं त्याचं व्रत आहे.

आणखी एक. टेलिफोन माझ्याच टेबलावर असल्याने रोज अकराला कुसाबाईंचा फोन मला येतो. तुमच्या सायखेड्यापासून बारा किलोमीटरवरच्या गावात त्या जलसुरक्षक आहेत, गावाचं पाणी तपासणं हे त्यांचं काम. "मॅडम, पानी पिवळं व्हत नाय." मी म्हटलं, चांगलंय की! त्यांनी फोन आपटला. मग ओमने सांगितलं, की नळाच्या पाण्यात थेंब टाकून बघतात, आणि औषध असेल तरच पाणी पिवळं होतं. तर त्यांना काय सांगू, आणि पायथनला काय सांगू?

तुमची भाची,
संजना


सायखेडा
१२ जून २०२५

चि. संजना,
मंगल कामना.

चार वर्षं इंजिनिअरिंग करून तुला इम्पोर्ट येत नाही, हे वाचून तुझ्या कॉलेजबद्दलचा आदर वाढला. माझ्या क्लासातली नववीची पोरंसुद्धा हाच प्रश्न विचारतात, पण ती फी कमी देतात.

ऐक. इम्पोर्ट म्हटलं की पायथन सगळं घर शोधत बसत नाही. त्याच्याकडे जागांची एक यादी असते. एकेका जागी जातो, नाव दिसलं की उचलतो आणि परत येतो. तुझा जलधाराचा फोल्डर शेजारी असला तरी त्या यादीत नाही, म्हणून त्याच्या लेखी तो जगातच नाही. काही हुशार लोक टेस्टच्या डोक्यावर दोन ओळी लिहून यादीत हाताने जागा घुसवतात. तसलं करू नकोस. ते रेल्वेच्या सीटवर रुमाल टाकण्यासारखं आहे.

सरळ मार्ग असा: बाहेरच्या फोल्डरमध्ये उभी राहून पॅकेज इन्स्टॉल कर, पण त्या हुकमाला वजा-ई (-e) लावून. वजा-ई लावलं की पायथन प्रत काढत नाही, तुझ्या चालू कोडकडे बोट दाखवून ठेवतो. न लावता केलंस तर त्या दिवसाची प्रत वेगळ्या जागी जाऊन बसते. मग तू कोडमध्ये काहीही बदल, टेस्ट ती जुनीच प्रत तपासत राहणार.

कुसाबाईंना सांग, थेंबांची बाटली उन्हात राहिली की खराब होते. नवी आणा म्हणावं. माझ्या टेस्ट मी जाऊन सव्वा वर्ष झालं तरी एकदाही लाल झालेल्या नाहीत. हे मी नाही म्हणत, परवा तृप्तीच फोनवर म्हणत होती.

मल्हारीमामा


अंबड, नाशिक
१८ जून २०२५

ती. मामा,
जय भीम.

वजा-ई लावलं. पायथनला जलधारा सापडलं. पण अडतीसपैकी सदतीस हिरव्या आणि एक लाल.

लाल झालेली टेस्ट तुमचीच आहे, 'सावकाश पाणी'. टाकीत पाणी अगदी बारीक धारेने येत असलं तरी त्या मापात औषध पडलं पाहिजे, असं ती तपासते. माझ्या लॅपटॉपवर औषध पडतं शून्य. मोठ्या कॉम्प्युटरवर तीच टेस्ट हिरवीगार.

मी आनंदाने मॅडमकडे गेले. वाटलं, पहिल्याच महिन्यात चूक शोधून काढली, शाबासकी मिळेल. मॅडम म्हणाल्या, "मोठ्यावर काय आहे?"

"हिरवी."

"मग लॅपटॉपची तब्येत दाखव कुणाला तरी."

ओमला दाखवलं, तर तो म्हणे माझ्या लॅपटॉपवर जलधारा इम्पोर्टच होत नाही, मी पहिल्यापासून मोठ्यावरच चालवतो. म्हणजे कंपनीत इम्पोर्ट न होणं ही परंपराच आहे, मी उगाच लाजत होते.

कुसाबाईंना तुमचा निरोप दिला. त्या म्हणाल्या, "बाटली परवाच आरोग्य केंद्रातून नवी आणलीया. तुमची मशीन उन्हात ऱ्हायली आसंल." दुसऱ्या एका गावातूनही फोन होता, पोरांना जुलाब होतायत म्हणून. मॅडमनी सांगितलं, पावसाळ्यात होतातच.

मामा, एकच कोड, एकच टेस्ट, दोन कॉम्प्युटरवर दोन उत्तरं कशी? तुम्हाला लगेच समजेल. लवकर लिहा.

संजना


सायखेडा
२० जून २०२५

चि. संजना,

क्लासच्या नव्या बॅचची गडबड आहे, म्हणून चार ओळीच. तुझ्या लॅपटॉपवर पायथनची आवृत्ती वेगळी असेल. मोठ्यावर हिरवं म्हणजे हिरवं. नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात जुनं उकरत बसू नये, त्याने नोकरीवरचं नाव खराब होतं. दिलेल्या टेस्ट लिही. आईला विचारलं म्हणून सांग.

मल्हारी


अंबड, नाशिक
१ जुलै २०२५

ती. मामा,
जय भीम.

"जुनं उकरू नये" हा तुमचा उपदेश मी फ्रेम करून लावणार आहे, कारण तो मोडल्यामुळे माझं कल्याण झालं.

तुमच्याच पत्रातलं वाक्य डोक्यात होतं, की पायथन पहिल्या जागी सापडेल ते उचलतो. मग मी मोठ्या कॉम्प्युटरला एकच ओळ लिहून विचारलं, बाबा रे, तू जलधारा आणलंस कुठून? त्याने पत्ता दिला. तो आमच्या फोल्डरचा नव्हताच! पायथन बाहेरची पॅकेजेस ठेवतो त्या कपाटात जलधाराची एक जुनी प्रत बसलेली होती. तारीख २६ एप्रिल २०२४. म्हणजे सव्वा वर्ष आम्ही कोड बदलतोय आणि टेस्ट त्या जुन्या प्रतीची पाठ थोपटतायत. नापास व्हायला काही कारणच नव्हतं.

नव्या कोडमध्ये चूक आहे ती फेब्रुवारीची. मॅडमना स्क्रीनवर दशांश चिन्ह आवडत नव्हतं, "गावातल्या लोकांना पूर्ण आकडे दाखवा" म्हणाल्या. ओमने दाखवायचे आकडे पूर्ण करण्याऐवजी मोजलेल्याच आकड्यांचा दशांश कापून टाकला. सेकंदाला पाऊण लिटर पाणी आलं की मशीन समजतं शून्य आलं. शून्य पाण्याला शून्य औषध. ज्या गावांत पाणी बारीक धारेने टाकीत पडतं, तिथे चार महिने औषधच पडलेलं नाही. अकरा गावांत ही मशीन आहेत, मामा. ज्या गावातून जुलाबाचा फोन होता तिथे एकवीस जण आजारी, दोन पोरं दवाखान्यात. आता बरी आहेत, मी स्वतः फोन करून विचारलं.

आता ती जुनी प्रत तिथे ठेवली कुणी? मोठ्या कॉम्प्युटरवर सगळ्यांचं एकच नाव, एकच पासवर्ड, आणि तो स्क्रीनच्या खाली चिकटवलेला. पण एवढं तर्काने कळतं की जुन्या प्रतीचा फायदा कुणाला, तर ज्याची चूक झाकली जाते त्याला. तुम्ही त्याच आठवड्यात नोकरी सोडलीत आणि ओम महिनाभर आधी लागलेला. तुमची पाठ फिरताच त्याने हा उद्योग केला.

काल सोमवारच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर बोलले. ओम उभा राहिला. "दशांशाची चूक माझी. पण ती प्रत मी नाही ठेवली."

मी म्हटलं, "मग काय भुताने ठेवली?"

सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "ओम, उद्यापासून घरी आराम कर. आम्ही कळवू." मला एक कप मिळाला, त्यावर 'महिन्याची उत्कृष्ट कर्मचारी' असं छापलंय. दुरुस्ती इंटरनेटवरून आठ मशीनवर गेली. तीन गावांत इंटरनेटची रेंज नाही, तिथे माणूस पाठवायचाय. मॅडमचं म्हणणं, गावांना काही कळवायची गरज नाही, उगाच घबराट होते. कुसाबाईंचा फोन दहा दिवसांत नाही, म्हणजे त्यांचंही समाधान झालं असावं.

तुमच्या भाचीने नाव काढलं की नाही?

संजना


अंबड, नाशिक
८ जुलै २०२५

ती. मामा,

आठवडा झाला, उत्तर नाही. तुम्हाला चार ओळींची सवय लागली होती, आता तेवढ्याही नाहीत.

आज ओमचे वडील ऑफिसात आले होते. ओमला दिलेला लॅपटॉप परत करायला. हाताला झेंडूचा पिवळा रंग, बॅग मात्र छातीशी धरलेली, लहान लेकरू धरावं तशी. गेटवर मीच भेटले. त्यांनी विचारलं, "पोरानं चोरी केली का ताई?"

"नाही हो."

"मंग?"

मामा, मला त्यांना इम्पोर्ट समजावून सांगायचा होता. म्हटलं, असं समजा काका, नव्या पिशवीत कुणी जुनं बियाणं भरून ठेवलं, आणि आम्ही पिशवी बघून पीक चांगलं म्हणत राहिलो.

त्यांनी बॅग माझ्या हातात दिली. म्हणाले, "पिशवी कोनी भरली ते बगितलं का तुमी? का शेवटी तिच्याजवळ जो हुबा दिसला त्यालाच धरलं?"

मी बॅग घेऊन आत आले. कप टेबलावर होता, तो उलटा करून ठेवला.

मामा, २६ एप्रिलला तुम्ही ऑफिसात होतात ना? त्या दिवशी मोठ्या कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं?

संजना


सायखेडा
१४ जुलै २०२५

चि. संजना,

मी बसलो होतो.

२६ एप्रिल, शुक्रवार. माझा शेवटचा दिवस. मोठा कॉम्प्युटर त्याच आठवड्यात नवा आणलेला, आणि तृप्तीला मी जायच्या आत त्यावर सगळ्या टेस्ट हिरव्या बघायच्या होत्या. पाच वाजता निरोपाचा समारंभ. साडेचार वाजता मी टेस्ट चालवल्या आणि पायथन म्हणाला, मॉड्यूल सापडत नाही. जे तुला म्हणाला तेच. फरक एवढाच की तू कुणाला तरी विचारलंस. मी सतरा वर्षांच्या अनुभवाचा माणूस, मी कुणाला विचारणार? मागे शाल घेऊन माणसं उभी, केकवर माझं नाव, तृप्ती म्हणतेय "झालं का सर?" मी घाईत इन्स्टॉल केलं. वजा-ई लावलं नाही. अडतीस हिरव्या झाल्या, टाळ्या पडल्या, केक कापला. सोमवारी येऊन नीट करू असं मनात म्हटलं. मग लक्षात आलं, की मला आता सोमवारच नाही. फोन करून ओमला सांगता आलं असतं, दोन मिनिटांचं काम. पण मग विचारलं असतं त्याने, सर, तुम्ही असं कसं केलंत?

तुझं १८ जूनचं पत्र वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं. पायथनच्या आवृत्तीबद्दल मी तुला लिहिलं ते अज्ञानाने नाही. खोटं लिहिलं. फोनवरच माणूस खोटं बोलतो असं म्हणणारा मी.

का, तेही लिहितो. तृप्तीने मला एक ऑगस्टपासून गुणवत्ता सल्लागार म्हणून बोलावलंय. आठवड्यातून दोन दिवस, केबिन, दारावर पाटी. ज्याच्या टेस्ट सव्वा वर्ष लाल झाल्या नाहीत असा माणूस, म्हणून. क्लासात नऊ पोरं आहेत, संजना. त्यातली चार फक्त पंख्याखाली बसायला येतात. मला ती पाटी हवी होती.

ओमचं नाव तू घेतलंस हे वाचलं तेव्हा मी लिहायला बसलो होतो. खरं सांगतो. मग वाटलं, त्याचीही चूक आहेच की, दशांशाची. असं दोन आठवडे वाटून घेतलं.

मल्हारी


अंबड, नाशिक
१५ जुलै २०२५

मामा,

वाटून घेणं छान जमतं तुम्हाला. मलाही जमलं. तुम्ही तर गप्प बसलात, मी भर मीटिंगमध्ये एका माणसावर आळ घेतला आणि कप घेऊन जागेवर बसले. तर्काने कळतं म्हणे! तर्क करताना एक नाव मी यादीतच ठेवलं नाही, कारण ते आमच्या घरचं होतं.

शुक्रवारी, १८ तारखेला, सकाळी अकरा वाजता या. मॅडमसमोर जे मला लिहिलंत ते बोला. आला नाहीत तर मी तुमचं पत्र वाचून दाखवीन. माझा आवाज मोठा आहे, मी शाळेत असताना तुम्हीच मला वक्तृत्वाला पाठवायचात.

तीन गावांत माणूस अजून गेलेला नाही. त्यातलं एक तुमच्या घरापासून बारा किलोमीटरवर आहे.

संजना


अंबड, नाशिक
२७ जुलै २०२५

ती. मामा,
जय भीम.

त्या शुक्रवारी तुम्ही मॅडमच्या टेबलावर कबुलीचा सही केलेला कागद ठेवून निघून गेलात, चहालाही थांबला नाहीत. तुम्हाला ते आतून कसं वाटलं ते माहीत नाही. बाहेरून मला दिसलं ते सांगते, आणि त्यानंतरचंही, कारण ते तुम्हाला ठाऊक नाही.

मॅडमनी कागद वाचला. "सर, तुम्ही मोठेपणाने सांगितलंत, विषय संपला. हे या खोलीतच राहू द्या. एक तारखेचं आपलं पक्कं."

तुम्ही म्हणालात, "खोलीत राहणार नाही. अकराही ग्रामपंचायतींना मी पत्र लिहिलंय, मशीन नीट झाल्याचं तपासेपर्यंत पावडर हाताने टाका म्हणून. चूक कुणाची तेही लिहिलंय."

"पाठवू नका. आधी मला दाखवा."

"सकाळी सायखेड्याच्या पोस्टात टाकूनच बस धरली."

मामा, मॅडमचा चेहरा मी दोन महिन्यांत पहिल्यांदा बिनशब्दांचा पाहिला. तुमच्याबद्दलचा राग माझ्या मनात साठवलेला होता, व्यवस्थित, पुढच्या चार-पाच लग्नांना पुरेल एवढा. त्यातला बराचसा तिथेच सांडला. सगळा नाही.

तुम्ही गेल्यावर त्यांनी मला सांगितलं, की सल्लागाराची जागा आता रद्द. हे तुम्हाला अपेक्षित असेलच. वकिलाची नोटीस पाठवू असंही म्हणाल्या. पण चार दिवसांत सहा गावांतून फोन आले, पत्र मिळालं, मशीनची माहिती मिळाली, आता पुढचं सांगा. लोक ओरडतील असं वाटलं होतं. ओरडलेही, पण नंतर विचारलं, की पावडर किती टाकायची? मॅडमना नोटिशीचा विसर पडला. आता त्या सगळ्यांना सांगतात, आम्ही स्वतःहून गावांना कळवलं, आमचा पारदर्शक कारभार आहे. जागतिक दर्जाचा, हे सांगायला नकोच.

ओमला मॅडमनी मेल केला, कामावर रुजू हो म्हणून. दोन ओळी, त्यातही त्याचं आडनाव चुकवलं. तो आला नाही. म्हणून काल शनिवारी मी मखमलाबादला गेले.

तो शेतात फुलं तोडत होता. मी बांधावर उभी. घरून वाक्य पाठ करून आणलं होतं, ते म्हटलं, "मी पुरावा नसताना तुझं नाव घेतलं. माझं चुकलं. सोमवारी सगळ्यांसमोर हेच बोलणार आहे, तू ये किंवा नको येऊ."

तो फुलं तोडतच राहिला. मग म्हणाला, "दशांशाची चूक माझीच होती."

"हो, पण..."

"पण काय ते मी सांगतो. फेब्रुवारीत तो बदल केला त्या दिवशी दुपारी मी टेस्ट चालवल्या होत्या. अडतीसच्या अडतीस. मला वाटलं, जमलं. त्यातली एक जरी लाल झाली असती ना संजना, तर मी चहाच्या आधी दुरुस्त केलं असतं. ती एकवीस माणसं आजारी पडली नसती. मला झोप लागत नाही ती नोकरी गेली म्हणून नाही."

त्याच्या वडिलांनी लांबून बघितलं, जवळ आले नाहीत. चहाही विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

निघताना ओम म्हणाला, "येईन मी. पण तुझ्या शेजारी बसणार नाही."

म्हटलं, ठीक आहे. काही जागा आपण स्वतःच घालवतो, त्या मागायच्या नसतात.

मोठ्या कॉम्प्युटरवरची जुनी प्रत काढून टाकली, वजा-ई लावून नव्याने जोडलं. टेस्ट सुरू होण्याआधी पॅकेज कुठून आलं ते आता पहिल्या ओळीत छापलं जातं. दोन गावांत माणूस जाऊन आला. कुसाबाईंचं गाव राहिलंय. त्यांचा फोन महिनाभर नाही, आणि मी केला तर उचलत नाहीत. मॅडम म्हणतात, पुढच्या आठवड्यात बघू.

संजना


सायखेडा
३ ऑगस्ट २०२५

चि. संजना,
मंगल कामना.

पुढच्या आठवड्याची वाट बघितली नाही. दुरुस्त केलेला कोड तू मेलवर पाठवलास तो पेनड्राइव्हवर घेतला आणि काल सकाळी मोटारसायकल काढली. बारा किलोमीटर. सव्वा वर्षात मला तेवढे जमले नव्हते, काल पंचवीस मिनिटं लागली.

कुसाबाई टाकीजवळच होत्या. साठीची बाई, नऊवारीचा काष्टा, खांद्यावर नॅपकिन. मी म्हटलं, मशीनचं बघायला आलोय. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"म्येकानिक का?"

"नाही. हे मशीन ज्यावर चालतं ते मी लिहिलंय. चूक लपली ती माझ्यामुळे. पंचायतीला पत्र आलं असेल..."

"आलं. सरपंचानं वाचून दावलं." त्या वळल्या. समोरच्या नळावर गेल्या, पितळी तांब्या विसळला, भरला आणि माझ्यापुढे धरला. "उन्हातनं आलाय. पानी घ्या."

संजना, मी तांब्या हातात घेतला आणि थांबलो. तुला खरं सांगायचं ठरवलंय म्हणून लिहितो. ते मशीन अजून नीट केलेलं नव्हतं. त्या टाकीत काय आहे आणि काय नाही, ते त्या गावात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तांब्या तोंडाशी नेला आणि हात पुढे जाईना.

त्यांनी ते बघितलं. सगळं बघितलं.

"का वो? गावानं प्यायचं आन् तुमी नाय?"

मी खाली बघितलं. तांब्या तोंडापासून खाली घेतला.

मग त्या हसल्या. दोन दात नाहीत, पण हसणं पुरेपूर. पदराच्या गाठीतून थेंबांची बाटली काढली, माझ्या हातातल्या तांब्यातलं घोटभर पाणी काचेच्या नळीत ओतून घेतलं, वर थेंब टाकले आणि नळी माझ्या डोळ्यांसमोर धरली. पिवळंजर्द.

"मशीन म्या कवाच बंद करून ठिवलंय. जूनमधी. तुमचं हापिस आयकंना, म्हनलं फोनचे पैशे कशाला घालवू. रोज पहाटं चार वाजता उठती, पावडर कालवती, हातानं टाकती. आमच्या गावात येक पोरगं आजारी नाय, जावा, इचारून या कुनालाबी."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. रोज आकरा वाजता सांगत व्हते."

मी उभ्या उभ्या सगळं पाणी पिऊन तांब्या रिकामा केला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पुन्हा भरला, आणि म्हणाल्या, "आता बसा, आन् तुमचं त्ये मशीन नीट करा. पर म्या रोज थेंब टाकूनच बगनार. तुमच्यावर इस्वास ठिवून नाय."

मी मशीन नीट केलं. साडेतीन तास लागले. तेवढा वेळ त्या माझ्या मागे उभ्या होत्या.

तुझा,
मल्हारीमामा